करडईच्या बगलफांद्या काढल्याने बियांचे उत्पादन वाढते का?

माणकाठ

नमस्कार मंडळी. मी मंगळवेढा तालुक्यात कोरडवाहू शेती करतो. रब्बीत मुख्य पीक अर्थातच ज्वारी, परंतु घरच्या तेलासाठी आणि थोड्या विक्रीसाठी दरवर्षी करडई असते. यंदा उत्तरा नक्षत्राच्या अखेरीस वाफसा आल्यावर तीन एकरांत भीमा वाणाची करडई पेरली. आज पिकाला ५२ दिवस झाले आहेत आणि खोडावर फांद्या फुटू लागल्या आहेत.

शेताचे दोन भाग पडले आहेत. खालच्या भारी रानात उगवण चांगली झाली आणि तेथे मी वेळेवर विरळणी केली. वरच्या तुकड्यात मात्र पेरणीनंतर जोराची सर आली, जमिनीवर पपडी धरली आणि बरेचसे कोंब वर आलेच नाहीत. त्यामुळे तेथे झाडे दीड-दोन फुटांवर पडली आहेत आणि प्रत्येक झाड अगदी तळापासून फांद्या काढून झुडपासारखे पसरले आहे.

दिवाळीला बीड जिल्ह्यातून माझे मेहुणे आले होते. ते कपाशीत गळफांद्या काढतात आणि शेंडाही खुडतात, ज्याला तिकडे दादा लाड तंत्र म्हणतात, आणि त्याचा त्यांना फायदा झालेला मी स्वतः त्यांच्या रानात पाहिला आहे. माझी करडई पाहून त्यांनी सांगितले की तळाच्या फांद्यांना येणारी बोंडे अखेर पोचीच राहतात, त्या फांद्या आताच काढल्या तर सगळे अन्न वरच्या बोंडांना मिळेल, बी टपोरे होईल आणि तेलही जास्त निघेल. त्यांचे म्हणणे ऐकताना पटले, परंतु मजूर लावण्यापूर्वी जाणकारांना विचारावे असे वाटले, कारण पाने आता टोचू लागली आहेत आणि आणखी पंधरा दिवसांनी त्या रानात हात घालणेही कठीण होईल.

बगलफांद्या, म्हणजे पानांच्या बगलेतून फुटणाऱ्या बाजूच्या फांद्या, काढल्याने एकूण उत्पादन वाढते, की केवळ बियांचा आकार वाढतो? तेलाच्या उताऱ्यावर, म्हणजे बियांतून निघणाऱ्या तेलाच्या प्रमाणावर, त्याचा काही परिणाम होतो का? बांधावर थोडी एरंडी आहे आणि उन्हाळ्यात विहिरीवर सूर्यफूल घेण्याचा विचार आहे, तेव्हा त्या पिकांबद्दलही कोणी सांगितले तर उपकार होतील.

सीनाकाठ

दादा, तुमचा प्रश्न योग्य वेळी आला आहे. मी कृषी पदवीधर असून गेली अनेक वर्षे मोहोळ तालुक्यात स्वतः करडई घेतो. माझे मत आधीच स्पष्ट सांगतो: करडईच्या निरोगी फांद्या काढू नका, आणि वरच्या विरळ तुकड्यात तर मुळीच काढू नका. असे का म्हणतो, ते थोडे विस्ताराने लिहितो.

तुमच्या मेहुण्यांचे कपाशीतले काम चुकीचे नाही, पण कपाशीची फांदी आणि करडईची फांदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपाशीला दोन प्रकारच्या फांद्या येतात. फळफांदीवर थेट पाते (कळी), फूल आणि बोंड लागते. गळफांदी मात्र मुख्य खोडासारखी सरळ वाढते, स्वतः थेट बोंड धरत नाही, आणि तिच्यावर पुन्हा फळफांद्या फुटल्या तरच तिचा उपयोग होतो. म्हणून दाट लागवडीत गळफांदी काढली तर मुख्य खोडावरच्या फळफांद्यांना जागा आणि ऊन मिळते. करडईत असा भेदच नाही. करडईचे मुख्य खोड बोंडात संपते, त्यावरची प्रत्येक फांदी बोंडात संपते आणि त्या फांदीवरची उपफांदीही बोंडातच संपते. येथे फांदी काढणे म्हणजे बोंड काढणे होय.

दुसरा मुद्दा असा की फांदी केवळ अन्न खाते ही समजूत अपुरी आहे. करडईच्या प्रत्येक फांदीवर तिची स्वतःची पाने असतात, बोंडाभोवतीची हिरवी काटेरी पर्णेही अन्न तयार करतात, आणि त्या फांदीवरच्या बोंडातले दाणे मुख्यतः याच अन्नावर भरतात. तुम्ही तळाची फांदी कापता तेव्हा एक खाणारे तोंड कमी होते हे खरे, पण त्याबरोबर कमावणारा एक हातही जातो. वरच्या बोंडांच्या वाट्याला जे जास्तीचे येते ते म्हणूनच आपल्या अपेक्षेपेक्षा बरेच कमी असते. शिवाय इतक्या लवकर कापले तर पानाच्या बगलेतले झोपलेले डोळे जागे होतात आणि आठ-दहा दिवसांत नव्या फुटी येतात. त्या फुटींची फुले उशिरा येतात आणि तोपर्यंत आपल्या रानातली ओल खाली गेलेली असते.

आता हिशेब मांडून पाहू. हे आकडे कोणत्याही प्रयोगाचे नाहीत, केवळ समजण्यासाठी धरले आहेत. ४५ बाय २० सेंटीमीटर अंतरावर एकरी सुमारे ४५,००० झाडे बसतात. एका झाडाला १८ बोंडे धरा. त्यांपैकी वरच्या १२ बोंडांत प्रत्येकी २० दाणे आणि तळाच्या ६ बोंडांत प्रत्येकी केवळ ८ दाणे धरा. म्हणजे झाडाला एकूण २८८ दाणे झाले. शंभर दाण्यांचे वजन साडेचार ग्रॅम धरले तर झाडामागे जवळपास १३ ग्रॅम बी मिळते. तळाची सहा बोंडे काढली तर २४० दाणे उरतात. तेवढेच १३ ग्रॅम त्यांतून मिळवायचे असतील तर शंभर दाण्यांचे वजन साडेचारवरून ५.४ ग्रॅमपर्यंत, म्हणजे २० टक्क्यांनी वाढले पाहिजे, आणि ही वाढ केवळ बरोबरी साधण्यासाठी आहे. फायदा व्हायचा असेल आणि मजुरीही निघायची असेल तर दाणा त्याहून जड व्हावा लागेल. करडईत आधी दाण्याचे कवच घडते आणि मग आत गर भरतो. त्या कवचात मावेल त्यापेक्षा जास्त गर भरता येत नाही, म्हणून वीस टक्क्यांची उडी मारणे दाण्याला फार अवघड आहे.

वरच्या बोंडांत दाण्यांची संख्या तरी वाढेल का, असे तुम्ही विचाराल. एका बोंडात किती फुले येणार हे बोंड अगदी लहान कळीच्या अवस्थेत असतानाच ठरते. त्यानंतर फांद्या कापून ती संख्या वाढवता येत नाही. ठरलेल्या फुलांपैकी किती भरतात, एवढेच काय ते बदलते.

वरच्या तुकड्याबद्दल विशेष सांगतो. तेथे झाडे तळापासून पसरली, हा दोष नसून पिकाने स्वतःची केलेली भरपाई आहे. झाडे दाट असली की करडई कमी फांद्या काढते, विरळ असली की जास्त काढते आणि मोकळ्या जागेतली ओल व ऊन उपयोगात आणते. नांग्या पडलेल्या, म्हणजे मधली रोपे न उगवलेल्या, रानातले एकरी उत्पादन फार घसरत नाही ते याच गुणामुळे. तुम्ही तेथे फांद्या काढल्या तर झाडे आधीच कमी असताना बोंडेही कमी होतील, आणि मोकळ्या राहिलेल्या जमिनीतून ओल उडून जाईल ते वेगळेच.

फांद्यांची संख्या ठरवण्याचे खरे काम विळ्याचे नसून पाभरीचे (पेरणीच्या अवजाराचे) आणि विरळणीचे आहे. हलक्या, मुरमाड रानात जास्त फांद्यांचे झाड अखेरीस पाण्यावाचून अडचणीत येते ही गोष्ट खरी आहे, पण त्यावर उपाय म्हणजे वेळेवर पेरणी आणि पेरणीनंतर १०–१५ दिवसांत योग्य अंतराची विरळणी, कारण तेव्हा काढलेले रोप ओल वाचवते. ५२ दिवसांनी कापलेल्या फांदीने तिची ओल केव्हाच पिऊन टाकलेली असते.

घाणेवाला, सोलापूर

माझा सोलापुरात लाकडी घाणा आहे आणि करडईचा व्यवहार वडिलांपासून चालत आला आहे, म्हणून तेलाच्या प्रश्नापुरते लिहितो.

बी टपोरे असले म्हणजे तेल जास्त, ही समजूत आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक शेतकऱ्यांची असते. करडईच्या दाण्यात बाहेरचे पांढरे कवच आणि आतला गर असे दोन भाग असतात आणि तेल गरात असते. कवचाचा वाटा वजनात बराच मोठा असल्यामुळे दाणा मोठा पण कवच जाड असेल तर उतारा कमी पडतो, आणि दाणा मध्यम पण गराने गच्च भरलेला असेल तर उतारा चांगला येतो. कवचाची जाडी मुख्यतः वाण ठरवतो. आपल्या भागातल्या भीमासारख्या वाणांत तेलाचे प्रमाण २८ ते ३० टक्क्यांच्या आसपास असते, आणि घाण्यावर त्यातले काही तेल पेंडीत राहतेच. फांद्या कापून वाणाचे कवच पातळ होणार नाही.

तळाच्या बोंडांतले दाणे पोचे असतात हे मात्र मेहुण्यांनी बरोबर सांगितले. पण त्यासाठी फांदी तोडण्याची गरज नाही. मळणीनंतर चांगल्या वाऱ्यावर उफणले की पोचे दाणे भुश्याबरोबर निघून जातात. आमच्याकडे माल आला की मी दोन-चार दाणे दाताखाली फोडून पाहतो. गर पांढरा, भरलेला आणि तेलकट लागला की पुढचे बोलणे होते. जो शेतकरी नीट उफणून आणि नीट वाळवून आणतो त्याच्या मालाचा उतारा दरवर्षी चांगला असतो. ओलसर दाणा घाण्यात चिकटतो आणि तेलाला वासही लवकर लागतो, तेव्हा ती काळजी फांद्यांपेक्षा महत्त्वाची आहे असे मला मनापासून वाटते.

नान्नजची शेतकरीण

दादा, आमचे रान नान्नजच्या माळाला लागून आहे. तेथे माळढोक अभयारण्य असल्यामुळे काळविटांचे कळप येतात, आणि त्यांच्यामुळे न मागता एक प्रयोग आमच्या शेतात झाला, तो सांगते.

दोन वर्षांपूर्वी पीक महिन्याचे असताना कडेच्या सात-आठ तासांचे (ओळींचे) शेंडे काळविटांनी खाऊन टाकले. करडईला काटे आल्यावर जनावर तिला तोंड लावत नाही, म्हणूनच आमचे सासरे ज्वारीच्या कडेने करडईची तासे पेरत असत, पण कोवळेपणी ती बिचारी उघडीच असते. शेंडा गेल्यामुळे त्या झाडांना बाजूने भरपूर फांद्या फुटल्या आणि आतल्या झाडांपेक्षा बोंडे जास्त दिसू लागली. आम्हांला आनंद झाला. परंतु ती झाडे फुलावर उशिरा आली, त्याच वेळी ढगाळ हवा पडली आणि मावा (रस शोषणारी कीड) सर्वांत जास्त तेथेच बसला. काढणीच्या वेळी बोंडे मोजायला पुष्कळ होती, मात्र खालची निम्मी हातात चुरली तर नुसता भुसा निघाला. म्हणजे फांद्या वाढल्या तरी दाणे भरायला ओल आणि वेळ दोन्ही पुरले नाहीत.

हे पाहून माझ्या मनातही तुमच्यासारखाच विचार आला की पुढच्या वर्षी खालच्या फांद्या काढून पाहाव्यात. चार तासांत मी स्वतः, हाताला गोणपाट गुंडाळून, गुडघ्याखालच्या सगळ्या फांद्या काढल्या. बी खरोखर मोठे दिसले, ओंजळीत घेतल्यावर जड लागले आणि मी ते सगळ्यांना दाखवलेही. नंतर शेजारच्या चार तासांचे बी वेगळे मापले तेव्हा न कापलेल्या तासांचे माप सरळ जास्त भरले. तेव्हापासून मी फांद्यांना हात लावलेला नाही.

भाजीबद्दलही लिहिते, कारण आपल्याकडे करडईची कोवळी भाजी सगळ्यांना आवडते आणि पुष्कळ बायका उभ्या झाडाचे शेंडे खुडून नेतात. विरळणीत जी रोपे उपटायचीच असतात त्यांची भाजी करावी. मुगाची डाळ घालून ती ज्वारीच्या भाकरीबरोबर फार छान लागते. जी झाडे ठेवायची आहेत त्यांचा शेंडा खुडू नये, विशेषतः पेरणी उशिरा झाली असेल तर.

माणकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ताई, तुमचा अनुभव वाचून माझा निर्णय जवळजवळ झाला आहे. सीनाकाठ दादांच्या हिशेबातली वीस टक्क्यांची गोष्ट मी मेहुण्यांनाही फोनवर सांगितली आणि कपाशीची फांदी वेगळी हे त्यांनाही पटले.

तरीही दोन शंका राहिल्या आहेत. एक म्हणजे, करडईत फांदी तोडणे योग्य ठरेल असा एकही प्रसंग नाही का? दुसरे म्हणजे, मजुरांसाठी जो पैसा बाजूला ठेवला होता तो या पिकावर कोठे खर्च करावा? सूर्यफूल आणि एरंडीचे उत्तरही राहिले आहे.

सीनाकाठ

तोडणे योग्य ठरेल असा प्रसंग आहे, आणि तो माव्याचा आहे. करडईवरचा मावा बहुधा शेताच्या कडेच्या झाडांवर आधी दिसतो आणि तेथून आत पसरतो. म्हणून आतापासून दर तीन-चार दिवसांनी बांधाच्या कडेने फेरी मारा. कोवळ्या शेंड्यांवर काळ्या किड्यांचा थर दिसला तर तेवढेच शेंडे तोडून पिशवीत भरा आणि रानाबाहेर नष्ट करा. त्यात चार बोंडे गेली तरी चालतील, कारण बाकीचे रान वाचते. मर (झाड वाळवणारा रोग) लागलेले झाडही फांदी फांदी न तोडता मुळासकट उपटून बाहेर काढावे.

पैशांबद्दल विचाराल तर खालच्या रानात भेगा दिसू लागण्यापूर्वी कोळपणी (ओळींमधली माती वरवर हलवणे) करा. आपली काळी जमीन उलली की ओल भेगांतून निघून जाते आणि करडईची मुळेही तुटतात, म्हणून भेगा बुजवणारी ही कोळपणी दाणे भरण्याच्या काळात फार उपयोगी पडते. विहिरीत पाणी असेल तर याच दिवसांत, म्हणजे पिकाच्या ५०–५५ दिवसांच्या सुमारास, एक हलके संरक्षित पाणी द्या. मात्र भेगा पडण्यापूर्वीच द्या आणि पाणी साचू देऊ नका, कारण साचलेल्या पाण्यात करडई मरीला लगेच बळी पडते. तळाची जी बोंडे पोची राहतील अशी तुमच्या मेहुण्यांना भीती आहे, तीच बोंडे या एका पाण्याने भरू शकतात.

सूर्यफुलाची गोष्ट निराळी आहे. संकरित सूर्यफूल एका खोडावर एकच मोठे फूल धरते, आणि त्याच्या बाजूने एखादी फूट निघाली तर तिचे लहान फूल उशिरा पक्व होऊन काढणीत अडचण करते. अशी फूट कळी लहान असतानाच हाताने मोडली तर नुकसान नाही. पण मुख्य शेंडा किडीने किंवा जनावराने खाल्ला असेल तर बाजूची एक जोमदार फूट ठेवावी, म्हणजे ते झाड अगदीच वाया जात नाही. एरंडीला आधी मुख्य खोडाच्या टोकाला घड येतो, मग त्याच्या खालून फुटलेल्या फांद्यांना दुसऱ्या फेरीचे घड येतात, आणि ओल असेपर्यंत हा क्रम चालू राहतो. बांधावरच्या एरंडीचे बरेचसे बी या पुढच्या घडांतूनच मिळते, तेव्हा तिच्या फांद्या राहू द्या. कोणी भुईमुगाविषयी विचारले तर त्यालाही हेच लागू आहे, कारण भुईमुगाच्या बहुतेक शेंगा तळाच्या पहिल्या बाजूच्या फांद्यांवरच धरतात.

तुम्हांला स्वतः खात्री करून घ्यायची असेल तर पूर्ण तासे न कापता केवळ २० झाडांवर करून पाहा. खालच्या रानात, कडेची चार-पाच तासे सोडून, एकाच तासातली सारख्या जोमाची ४० झाडे निवडा आणि एकाआड एक झाडाला रंगीत दोरा बांधा. दोरा बांधलेल्या झाडांच्या तळाच्या फांद्या काढा, बाकीची तशीच ठेवा. काढणी पहाटे, काटे दवाने मऊ असताना करा, आणि दोन्ही गटांची झाडे वेगवेगळ्या पोत्यांत घालून बडवा. उफणलेल्या बियांचे एकूण वजन आधी करा आणि मगच शंभर दाण्यांचे वजन पाहा, कारण ताईंनी सांगितल्याप्रमाणे ओंजळीतले जड बी पाहून मन आधीच एका बाजूला झुकते. शंभर दाण्यांचे वजन किराणा दुकानाच्या काट्यावर कळत नाही, ते सराफाच्या काट्यावर तीन वेळा वेगवेगळे दाणे मोजून करावे.

माणकाठ

दादा, आज सकाळी विहिरीजवळच्या तासात ४० झाडे निवडून २० झाडांना लाल दोरा बांधला आणि त्यांच्या तळाच्या फांद्या काढल्या. बाकीच्या रानाला हात लावलेला नाही. बांधाकडची फेरीही मारली. पश्चिमेच्या कडेला पाच झाडांच्या शेंड्यांवर मावा दिसला, ते शेंडे तोडून जाळले. उद्यापासून खालच्या रानात कोळपे धरतो आहे. फाल्गुनात मळणी झाली की दोन्ही पोत्यांचे वजन येथेच लिहीन.